सोसण्याची लस

रेवाचे ओठ पहिल्यांदा निळे दिसले तेव्हा नितेश घागला वाटलं, दर्शनाने तिला जांभूळ चाटवलं असणार.

पहिली पाळी संपवून तो नुकताच घरी आला होता. आंघोळ कंपनीतच उरकून यायची पद्धत होती, त्यामुळे दार उघडल्या उघडल्या त्याने मुलीला उचललं आणि तिला छातीवर घेऊन पंख्याखाली आडवा झाला. पाच महिन्यांची पोर. बापाच्या बनियनची कड तोंडात घालून चोखत ती तिथेच झोपून गेली. दर्शना चहा घेऊन आली आणि दारातच थांबली.

"अहो, हिचे ओठ बघा."

"काय दिलंस चाटायला?"

"मी कशाला काय देऊ? अजून वरचं पाणीही देत नाही तिला."

नितेशने अंगठ्याने तिचे ओठ पुसले. रंग गेला नाही. मग त्याचं लक्ष तिच्या नखांकडे गेलं. तीही पाटीच्या पेन्सिलीसारखी करडी पडली होती. चहा तसाच राहिला.

तालुक्याच्या इस्पितळात प्राणवायू लावला तरी रंग उतरेना. बालरोगतज्ज्ञांना हृदयाची शंका आली, पण सोनोग्राफीत हृदय अगदी चांगलं निघालं. नितेशला एवढी रजा नव्हती. तो कामावर गेला, दर्शना मुलीजवळ राहिली. आणि कुठल्याही औषधाशिवाय रेवा आपोआप गुलाबी झाली, हसायला लागली. घरी सोडलं. दोनच दिवसांनी संध्याकाळी पुन्हा तेच.

या वेळी दर्शना तालुक्याला गेली नाही. तिने मुलीला शालीत गुंडाळलं आणि कामगार वसाहतीतून चालत थेट कंपनीचा दवाखाना गाठला.

हेमकिरण ऑर्गॅनिक्स म्हणजे घाटाखालच्या त्या पट्ट्यातली सगळ्यात मोठी कंपनी. औषधं, रंग, कीटकनाशकं, कशाच्याही मुळाशी गेलं की अमाईन नावाची रसायनं सापडतात, आणि देशातल्या अमाईनचा मोठा वाटा हेमकिरणच्या तीन प्लांटमधून बाहेर पडायचा. नितेश त्यातल्या जुन्या प्लांटवर ऑपरेटर होता. आयटीआय करून लागला होता. काम त्याला आवडायचं. पंपाच्या नुसत्या आवाजावरून आज रिॲक्टर खुशीत आहे की कुरकुरतोय ते सांगतो, असं तो घरी फुशारकीने सांगायचा.

अमाईनचा एक जुना दुर्गुण होता. ते श्वासातून जातं तसंच कातडीतूनही शरीरात शिरतं आणि रक्तातल्या लोहाला बिघडवतं. आपल्या रक्तातलं लोह प्राणवायू धरतं आणि सोडतं, त्यावर आपण जगतो. अमाईन त्या लोहाला असं काही करून ठेवतं की ते जणू गंजतं आणि प्राणवायू वाहून नेणं सोडून देतं. रक्त चॉकलेटी होतं, ओठ निळे पडतात. डोकं ठणकतं, धाप लागते, आणि मात्रा जास्त झाली तर माणूस जातो. प्लांटवर याला 'निळी चढली' म्हणायचे. कुणाला निळी चढली की काम थांबायचं, गळती सापडेपर्यंत सगळे बाहेर. त्यामुळे हवेची नळी जोडलेले जाड सूट घालून, घामाने निथळत, पाळी भरावी लागायची.

मग लस आली.

खरं म्हणजे ती कुठल्या रोगावरची लस नव्हती. शरीरात हे गंजलेलं लोह पुन्हा ठीक करणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतंच, फक्त थोडं असतं. शास्त्रज्ञांनी ते जास्त बनवण्याची सूचना स्निग्ध पदार्थाच्या अतिसूक्ष्म थेंबांत भरली. एक सुई दंडात. थेंब जायचे यकृतात आणि हाडांच्या मगजात. यकृत अमाईन झपाट्याने निकामी करून लघवीवाटे बाहेर टाकायला शिकायचं, आणि मगजातून जन्मणारी प्रत्येक तांबडी पेशी दुरुस्तीचं सामान सोबत घेऊनच निघायची. मगजातल्या मूळ पेशीच बदललेल्या असल्यामुळे परिणाम जन्मभराचा. मूळ शोध होता, जन्मतःच ज्यांचे ओठ निळे असतात अशा दुर्मीळ रुग्णांसाठी. हेमकिरणने तो कामगारांसाठी मागून घेतला.

नितेशने पहिल्याच तुकडीत दंड पुढे केला होता. त्याला कुणी जबरदस्ती केली नव्हती. पाळी संपल्यावर कपाळात घण बसायचे ते बंद झाले. सूट खुंटीवर गेले, साधा मास्क आणि हातमोजे पुरायला लागले. उत्पादन वाढलं. सरकारने प्रयोग म्हणून फक्त हेमकिरणला हवेतल्या अमाईनची मर्यादा कितीतरी पट वाढवून दिली, आणि धोक्याच्या घंटा त्या नव्या मर्यादेवर लावल्या गेल्या. घंटा वाजायच्या थांबल्या. सगळे खूश होते.

एकटा इक्बाल मुकादम मागे राहिला. नितेशला काम शिकवणारा, त्याच्याहून वयाने बराच मोठा. पूर्वी कावीळ होऊन त्याचं यकृत कमजोर झालेलं, म्हणून डॉक्टरांनी लस नाकारली. लस नाही म्हणून आत प्रवेश नाही. त्याला फाटकाजवळच्या वजनकाट्यावर बसवलं.

दवाखान्यात डॉ. मृणाल बेडेकरांनी रेवाच्या टाचेतून रक्ताचा थेंब काढून पांढऱ्या कागदावर टेकवला. शेजारी दर्शनाच्या बोटाचा एक थेंब. दर्शनाचा लाल होता, पण मळकट लाल. रेवाचा ओल्या मातीच्या रंगाचा.

डॉक्टरांनी रेवाला सलाईनमधून औषध दिलं आणि नितेशला बोलावून घेतलं. तो धावत आला आणि सवयीने हात पुढे करून मुलीकडे वळला.

"थांब," डॉक्टर म्हणाल्या. "तिला हात लावू नकोस. इकडे ये."

त्यांनी ओल्या कापसाने त्याचा तळवा पुसला, मग मनगट, मग गळा. तिन्ही कापसांवर अमाईन तपासायच्या बाटलीतला एकेक थेंब टाकला. तिन्ही कापूस केशरी झाले.

"मॅडम, मी आंघोळ करून आलोय. दोनदा साबण लावला."

"लसूण सोलल्यावर हात कितीही धुतले तरी वास राहतोच ना? तसंच आहे हे. कातडीखालच्या चरबीत मुरतं आणि घामाबरोबर हळूहळू बाहेर येत राहतं. हवेत किती आहे ते प्लांटवरची यंत्रं मोजतात. तुझ्या कातडीत किती मुरलंय ते कोण मोजणार? पूर्वी इतकं मुरायच्या आधीच तू आडवा झाला असतास."

"पण मला काही होत नाही."

"नाहीच होणार. तुझं शरीर तक्रार करायचं विसरलंय." डॉक्टरांनी कापूस बाजूला ठेवले. "मीच सुई टोचून विसरायला लावलंय. लहान बाळांत ते विकर मोठ्यांच्या निम्मंच असतं. तू तिला छातीवर घेतोस, ती तुझा बनियन चोखते."

दर्शना खाटेच्या कडेला बसली होती. "माझं डोकं दुखतं रोज," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, जागरणामुळे."

नितेश दोन पावलं मागे सरकला. मग आणखी दोन. दारापाशी पोचल्यावर त्याला कळेना की आता उभं कुठे राहायचं.

तो वसाहतीतल्या अविवाहितांच्या खोल्यांत राहायला गेला. कपडे कंपनीतच धुवायला टाकायचा. घरचा डबा दर्शना पायरीवर ठेवायची आणि मागे व्हायची. संध्याकाळी तो अंगणात उभा राहायचा, ती खिडकीत रेवाला धरायची. पहिले काही दिवस रेवा त्याला बघून दोन्ही हात पसरायची. मग नुसती बघायला लागली. एकदा तर त्याच्याकडे बघता बघता तिने आईच्या खांद्यात तोंड लपवलं. अनोळखी माणसाला बघून लपवतात तसं.

त्या दिवशी तो वजनकाट्यावर इक्बालकडे जाऊन बसला, लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला. इक्बालने नेहमीप्रमाणे थर्मासमधला चहा ओतून कप कट्ट्यावर ठेवला.

"इक्बालभाई, तुम्हीच बरे. लस नाही घेतली ते."

"बरा कसला? टँकरचे नंबर लिहितो दिवसभर. आता काटापण आपोआप चालणारा येणार आहे. मग काय करू?" इक्बाल हसला. "अरे, प्लांटवर माझी वट होती. सगळ्यात आधी माझं डोकं धरायचं. मी म्हटलं, कायतरी सुटलंय, की सायबाची टाप नव्हती चालू ठेवायची. शोधलं की सापडायचीच गळती. तू नवा होतास तेव्हा."

"आता सापडत नाही."

"आता शोधतो कोण?"

पुढच्या आठवड्यात प्लांटप्रमुख सरनोबतांनी नितेशला केबिनमध्ये बोलावलं. सरनोबत वाईट माणूस नव्हता. नितेशच्या लग्नाला तो बायकोला घेऊन आला होता. त्याने स्वतः उठून खुर्ची पुढे केली, मग आठवण होऊन थोडी लांब ठेवली.

"मुलीचं ऐकलं. मला झोप लागली नाही रे. वरच्यांशी बोललोय मी. लहान मुलांसाठी कमी मात्रेची लस तयार आहे, परवानगीही आलीय. आपल्या सगळ्या कुटुंबांना देणार. बायका, मुलं, सगळ्यांना. तुझी रेवा पहिली. पुन्हा कधी निळी पडणार नाही. तू घरी जा, तिला उचल, खेळव."

नितेशला साहेबाच्या पाया पडावंसं वाटलं. तो घरी पळत गेला आणि अंगणातूनच ओरडून दर्शनाला सांगितलं. शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या.

दर्शनाने ऐकून घेतलं. "किंवा मग तुम्ही ते काम सोडा," ती म्हणाली.

"सोडून काय करू? मला दुसरं काय येतं? आणि एक सुई आहे गं. पोलिओचे थेंब देतेसच ना तिला?"

"पोलिओ आपण घरात आणत नाही."

"म्हणजे मी आणतो? मी मुद्दाम करतो?"

"मी असं म्हटलं का?"

"तुझा चेहरा म्हणतो. तिला माझी ओळख राहिलेली नाही दर्शना, कळतंय का तुला? मला माझी पोर उचलायची आहे."

रात्रंदिवस एकटीने मूल सांभाळून दर्शनाही थकली होती. ठरलेल्या दिवशी ती रेवाला नवीन झबलं घालून दवाखान्यात घेऊन आली. नितेश भिंतीला टेकून उभा होता. वसाहतीतल्या इतर आया बाहेर बाकावर आपापली मुलं घेऊन बसल्या होत्या. पहिलं नाव रेवाचं होतं.

डॉ. बेडेकरांनी सुई भरली. नियमाप्रमाणे पालकांना सूचना वाचून दाखवायच्या होत्या. ताप येईल, दंड सुजेल. शेवटची सूचना वाचताना त्यांचा आवाज बदलला. "लस दिल्यानंतर बाळाच्या शरीरात रसायन गेलं तरी ओठ किंवा नखं निळी पडणार नाहीत. म्हणून दर महिन्याला रक्त तपासून घ्यावं."

"म्हणजे रसायन जायचं थांबणार नाही?" दर्शनाने विचारलं.

"नाही. ते जातच राहील. रक्त बिघडणार नाही, एवढंच."

"आणि बाकी? मूत्रपिंड, मेंदू, पुढे मोठी झाल्यावर पोटपाणी पिकणं?"

"इतकी वर्षं कुणी पाहिलेलंच नाही दर्शना. मोठ्यांतही नाही."

दर्शनाने रेवाचा दंड उघडा केला होता. तिने बाही पुन्हा खाली ओढली.

"तिला बोलता येत नाही," ती नितेशकडे वळून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "काय होतंय ते ती सांगू शकत नाही. तिचे ओठ निळे पडले म्हणून आपल्याला कळलं. तुमच्या मोठ्या कंपनीत एवढी यंत्रं, एवढे साहेब, कुणाला कळलं नाही, ते या पोरीने सांगितलं. आणि आता तिचंच तोंड बंद करायचं?"

"दर्शना, बाहेर लोक आहेत."

"असू देत."

डॉक्टरांनी सुई तबकात ठेवली. नितेशला प्रचंड राग आला. बायकोचा, डॉक्टरांचा, त्या तबकाचा. तो दार आपटून बाहेर पडला. बाकावरच्या आया त्याच्याकडे बघत होत्या, आणि त्यातल्या एकीच्या मांडीवरचं पोर टाळ्या वाजवत होतं.

दर्शना मुलीला घेऊन गुहागरकडे माहेरी निघून गेली. नितेशने सरनोबतांकडे बदली मागितली. बॉयलरवर, पाण्याच्या टाकीवर, कुठेही, फक्त बाहेर. सरनोबत खरोखरच कळवळून म्हणाला, "नितेश, बाहेर लस नसलेले ठेवायचे. लसवाल्याला बाहेर ठेवला तर आत कुणाला पाठवू? तुझ्यावर तो खर्च कशासाठी केलाय?"

हे ऐकेपर्यंत नितेश आपण कंपनीत काम करतो असं समजत होता. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा वाटलं की आपण प्लांटमध्ये बसवलेला एक भाग आहोत. गंज न धरणाऱ्या पोलादाचा. त्याने राजीनामा दिला तेव्हा मित्रांनी समजूत घातली, काहींनी चेष्टा केली. त्यांच्या मुलांना तोवर लस देऊन झाली होती, आणि ती मुलं बापांच्या खांद्यावर बसून वसाहतीत फिरत होती, गुलाबी ओठांची.

दर्शनाच्या भावाच्या ओळखीने त्याला तिथल्याच बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात काम मिळालं. तिथेही पंप होते, त्यांचे आवाज होते. पगार कमी. डॉ. बेडेकर मधूनमधून टपालाने कापूस आणि बाटली पाठवायच्या. बरेच आठवडे कापूस केशरी होत राहिला. केशरीचा पिवळा झाला. आणि मग एका दुपारी पांढराच राहिला. नितेशने आणखी दोन कापूस वापरून पाहिले. मग तो परसात गेला. दर्शना तिथे रेवाला न्हाऊ घालत होती. तिने त्याच्या हातातला कापूस बघितला आणि ओलीचिंब पोर त्याच्याकडे दिली. रेवाने भोकाड पसरलं. तो तिला घेऊन रडत, हसत फेऱ्या मारत राहिला, ती शांत होईपर्यंत.

एवढ्यावर हे थांबलं असतं. पण प्रयोगाची मुदत संपत आली आणि वाढवलेली मर्यादा कायमची करावी का, हे ठरवायला सरकारची समिती तालुक्याला आली. हेमकिरणनंतर आणखी कंपन्या रांगेत होत्या. इक्बालचा फोन आला.

"नितेश, तू बोललास तर फरक पडेल. लस घेतलेला, आतलं काम केलेला, आणि नोकरी सोडलेला तूच एक आहेस. माझं कोण ऐकतंय?"

नितेश गेला. सभागृहात जुने सोबती एका बाजूला बसले होते. त्याच्याकडे कुणी बघितलं नाही. डॉ. बेडेकरांनी तक्ते दाखवले. मुलांच्या रक्तात, लघवीत काय सापडतं ते सांगितलं. कंपनीच्या तज्ज्ञाने त्याच तक्त्यांवरून दाखवलं की एकही मूल आजारी नाही. मग नितेशचं नाव पुकारलं.

"मला काहीच होत नाही," तो म्हणाला. "हाच माझा त्रास आहे. पूर्वी आमच्यात इक्बालभाई होते. त्यांना निळी चढली की आम्हाला कळायचं, प्लांट बंद व्हायचा. आता आत सगळे माझ्यासारखे. कितीही सुटलं तरी कुणाला कळत नाही. ते आम्ही अंगावर घेऊन घरी नेतो. माझ्या मुलीने दाखवलं तेव्हा मला कळलं."

समितीच्या अध्यक्ष पांढऱ्या केसांच्या, शांत बाई होत्या. त्या लक्षपूर्वक ऐकत होत्या. दिवसभरात पहिल्यांदाच त्यांनी पेन उचललं.

"म्हणजे तुमचं म्हणणं असं, की परिणाम ज्याच्यावर दिसेल असं कुणीतरी आत असायला हवं?"

"हो!" नितेश म्हणाला. त्याला वाटलं, अखेर कुणाला तरी समजलं. "हो बाई, तेच."

निर्णय पावसाळा सरता सरता आला. वर्तमानपत्रात आतल्या पानावर छोटी बातमी होती. नितेशने ती वाचली नव्हती. त्या रविवारी इक्बाल गुहागरला आला, बायकोने केलेली गोड सांदणं डब्यात घेऊन. त्याने दाढी नीट कोरली होती, नवा शर्ट घातला होता. रेवा एव्हाना धरून धरून चालायला लागली होती. इक्बालने तिला मांडीवर घेतलं.

"काटा आपोआप चालणारा आला," तो म्हणाला. "मला वाटलं, नोकरी गेली आता. पण साहेबाने बोलावलं. मर्यादा तीच ठेवलीय, वाढवलेली. फक्त एक अट घातलीय समितीने. प्रत्येक पाळीत लस न घेतलेला एक माणूस आत पाहिजे. त्याला निळी चढली की प्लांट बंद. तसं पदच काढलंय नवीन. सोमवारपासून मी आत."

दर्शना चहाचा कप हातात घेऊन उभी होती, तशीच राहिली.

"भाई, नका घेऊ," नितेश म्हणाला.

"का? पुन्हा प्लांटवर जातोय रे. पगारही जुनाच देणार."

"तुमचं यकृत..."

"म्हणून तर मला घेतलंय." इक्बाल हसला, पण नितेशच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू ओसरलं. "मी नाही घेतलं तर दुसऱ्या कुणाला तरी घेतील. बाहेर पोरं उभी आहेत फाटकावर, लस न घेतलेली, विशीतली. मला निदान कळतं तरी, कधी बाहेर पळायचं ते. तू चांगलं बोललास त्या दिवशी. तू बोललास म्हणून एवढं तरी झालं."

नितेशला समितीच्या बाईंचं वर उचललेलं पेन दिसत होतं, आणि आपला स्वतःचा, सभागृहभर घुमलेला, आनंदी 'हो'.

दर्शनाने पुढे होऊन इक्बालसमोर चहा ठेवला आणि रेवाला घ्यायला हात पुढे केले. इक्बालने पोरीला सोडलं नाही. तिने त्याच्या नव्या शर्टाची कॉलर मुठीत धरून तोंडात घातली होती.

"राहू दे गं थोडा वेळ," तो म्हणाला. "आज घेऊन घेतो. उद्यानंतर नाही घेता येणार."